फाटकावरचा उसना झगा

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. काळा, पायघोळ आणि दोन माणसे आरामात मावतील इतका ढगळ. झगा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच. पदवी घेतानाच्या फोटोत तुमचे काका किंवा आत्या जो काळा प्रकार पांघरून, आयुष्यात पहिल्यांदाच शहाणे झाल्यासारखे बघत असतात, तो झगा. इतर ठिकाणी तो तासाभरापुरता भाड्याने मिळतो. आमच्या विद्यापीठात मात्र तो रोज घालावा लागतो. वर्गात, ग्रंथालयात, परीक्षेत, सगळीकडे. आमचे विद्यापीठ फार जुने आहे. किती जुने ते विचारू नका. दर समारंभाला ते आणखी थोडे जुने होते.

माझा जन्म एका थोर पाहुण्यामुळे झाला. विद्यापीठाने एका विद्वानाला मानाची पदवी द्यायचे ठरवले. विद्वान गाडीतून उतरले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले, की एवढी विद्वत्ता मावेल असा झगा भांडारात नाही. शिंप्याला तातडीने बोलावले. तो टेप घेऊन पाहुण्यांभोवती फिरायला निघाला आणि बऱ्याच वेळाने पलीकडून परत आला. रातोरात मी शिवून झालो. कापड उंची, शिलाई दुहेरी, आणि समोर गळ्यापासून कमरेपर्यंत पितळेचे तीन भक्कम हूक. पाहुण्यांनी माझ्यात उभे राहून साधेपणावर लांबलचक भाषण केले, पोटभर जेवण केले आणि मला खुर्चीच्या पाठीवर टाकून ते निघून गेले. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. कुलगुरूंच्या पत्नीने माझा काठ बोटांत धरून, याचे पडदे छान होतील, असेही म्हटले होते. पडदा झालो असतो तर बरे झाले असते.

पुढची काही वर्षे मी कपाटात काढली. मग कुणाला तरी माझी आठवण झाली आणि मला नोकरी मिळाली. ती कोणती, हे कळायला तुम्हाला आमचे नियम समजून घ्यावे लागतील. घाबरू नका. नियम बरेच आहेत, पण आपल्या गोष्टीला थोडेच पुरतात.

पहिला नियम असा, की आवारात झग्याचे तिन्ही हूक लावलेले असले पाहिजेत. का, ते कुणालाच माहीत नाही. संस्थापकांना खोकला होता, असे म्हणतात. दुसरा नियम असा, की प्रवेशाच्या दिवशी शिवलेला एकच झगा पदवी मिळेपर्यंत वापरायचा. तो बदलायचा नाही, उसवायचा नाही, जोड लावायचा नाही. हा नियम मात्र चांगल्या मनाने केलेला होता. फार पूर्वी श्रीमंतांची मुले दर ऋतूला नवा झगा शिवत आणि गरिबांची मुले एकात दिवस काढत. सगळे सारखे दिसावेत म्हणून हे ठरले. श्रीमंत मुलांनी मग बुटांवर खर्च सुरू केला, ते सोडा.

आता उरला माझा नियम. एखाद्याचा झगा फाटला, हरवला किंवा तो घरीच विसरला, तर फाटकावर त्याला अडवायचे आणि मला घालायला द्यायचे. मला सगळे उसना झगा म्हणत. मी सगळ्यांना बसत असे, म्हणजे कुणालाच बसत नसे. मला घालून वर्गात जाता येई. पण तो मान नव्हता, ती शिक्षा होती. माझ्या पाठीवर एक रुंद पिवळा पट्टा शिवला होता. चोरी होऊ नये म्हणून, असे कारण सांगत. मला कोण चोरणार होते? आणि ज्याने मला एकदा अंगावर घातले, त्याला पुढचा आठवडाभर कोणत्याही परीक्षेला बसता येत नसे.

अशी माझी कारकीर्द सुरू झाली. फाटकाशेजारच्या खोलीत एका खुंटीवर मी लटकत असे. किती खांदे माझ्याखाली थरथरले, ते मी मोजले नाही. काही मुले आत शिरताच रडत. काही मुद्दाम मोठ्याने हसत. हसणाऱ्यांच्या पाठीला जास्त घाम येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

या सगळ्याचे प्रमुख होते वस्त्रनिरीक्षक. मुले त्यांना हूकसाहेब म्हणत. सकाळी फाटक उघडायच्या आधी ते हजर असत. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचे. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. गळा, छाती, कमर असे वरून खाली तीन ठिकाणी पाहत आणि मान हलवत. लोक त्यांना दुष्ट समजत, पण ते तसे नव्हते. कुणी आजारी पडले तर विचारपूस करत. विद्यार्थी असताना ते स्वतः दोनदा माझ्या आत शिरले होते. दुसऱ्या वेळी तर त्यांचे दात वाजत होते. मला वाटले होते, हा मोठा झाला की मला खुंटीवरून काढून टाकेल. मोठे झाल्यावर त्यांनी मला आणखी वरच्या खुंटीवर लावले, लांबून दिसावे म्हणून.

खोलीत त्यांच्याबरोबर एक पहारेकरी असत. सगळे त्यांना काका म्हणत. काकांचे काम फाटक उघडणे आणि लावणे. मधल्या वेळात ते हूकसाहेबांचे म्हणणे ऐकून घेत आणि त्यावर आपले मत देत. ते कुणी मागितलेले नसे.

आता जिच्यासाठी हे सगळे सांगतो आहे, तिच्याकडे येतो. तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिच्या तुकडीत लग्न झालेली ती एकटीच होती. ती दगडफुलांचा अभ्यास करत असे. जुन्या भिंतींवर राखाडी, हिरवट पापुद्रे धरलेले तुम्ही पाहिले असतील. ती दगडफुले. ती इतकी सावकाश वाढतात, की त्यांच्या आकारावरून तो दगड तिथे किती वर्षे आहे हे सांगता येते. वहिनी भिंग घेऊन आमच्या विद्यापीठाच्याच भिंतींना तासन्‌तास चिकटून उभी असे. नव्या मुलांना वाटे, हिलाही शिक्षा झाली आहे.

प्रबंध लिहून झाला. दुसऱ्या गावातल्या एका महाविद्यालयाने तिला शिकवायला बोलावले. अट एकच होती, महिना संपायच्या आत पदवी हातात हवी. पदवीच्या आड राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. ती वर्षातून एकदाच होई, कारण तिच्यासाठी बाहेरून एक नामांकित परीक्षक येत आणि त्यांना एकच दिवस सवड असे.

आणि या सगळ्याच्या मधोमध वहिनीला दिवस गेले होते.

पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला काही कळले नाही. मग तिसरा हूक, म्हणजे कमरेजवळचा, ताणू लागला. वहिनी पोटापुढे मोठी फाईल धरून फाटकातून जाऊ लागली. हूकसाहेबांनी काही दिवस फाईलकडे पाहिले. मग एके दिवशी म्हणाले, उद्यापासून फाईल काखेत धरा. तेव्हापासून ती सकाळी श्वास रोखून हूक लावी, फाटक ओलांडी आणि ग्रंथालयाच्या जिन्याखाली जाऊन तो काढी. मुलींनी तिच्यासाठी जिन्याखाली एक स्टूल ठेवले होते. नवा झगा शिवायची परवानगी तिने मागितली होती. एकच झगा हा नियम समानतेसाठी आहे आणि समानतेला अपवाद नसतो, असे उत्तर आले.

परीक्षेच्या दिवशी ती सासूबाईंबरोबर आली. आठवा महिना भरत आला होता. सासूबाई ठेंगण्या, चष्म्याच्या, हातात पाण्याची बाटली आणि केळ्यांची पिशवी. सून आत असेल तोवर बाहेर बाकावर बसायचे, असा त्यांचा बेत होता. वहिनीने श्वास रोखला, पण त्या दिवशी तिसरा हूक काही केल्या लागेना. दोन्ही काठांमध्ये वीतभर अंतर राहिले.

हूकसाहेबांनी गळा पाहिला, छाती पाहिली आणि कमरेपाशी त्यांची नजर थांबली.

"तिसरा," ते म्हणाले.

"लागत नाही, सर," वहिनी म्हणाली.

"लावा."

"साहेब," सासूबाई मध्ये पडल्या, "पोटात जो बसलाय त्याला सांगून बघा. आमचं तर तो ऐकत नाही."

काका हसले आणि लगेच खोकले. हूकसाहेब हसले नाहीत. पण त्यांनी नियमांचे जाडजूड पुस्तक काढले आणि ते मनापासून चाळू लागले. खरे सांगतो मित्रांनो, तो माणूस त्या पुस्तकात वाट शोधत होता. जाडेपणावर काही सापडते का, जखमेवर काही सापडते का, हे त्याने पाहिले. गरोदर बाईवर काहीच नव्हते. नियम लिहिले गेले तेव्हा बायका आवारात फक्त झाडायला येत.

ते पाने उलटत होते तेव्हा सासूबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले. त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाटलीच्या टोकाने मला खुंटीवरून पाडले.

"एवढा मोठा पडलाय की इथे," त्या म्हणाल्या आणि क्षणात त्यांनी मला सुनेच्या अंगावर टाकले.

"आई, नको," वहिनी म्हणाली, पण बायांचे हात झपाट्याने चालतात. पहिला हूक, दुसरा, तिसरा. तिन्ही सहज लागले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो एकच चांगला क्षण, म्हणून जरा थांबून सांगतो. त्या थोर पाहुण्यानंतर मला पुरेपूर भरणारे पहिल्यांदाच कुणी भेटले होते. माझ्या आत जी माणसे आली ती अंग चोरून आली. ही सरळ उभी होती. आणि तेवढ्यात आतून मला एक लाथ बसली. चांगली सणसणीत. विद्यापीठाच्या झग्याला लाथ मारण्याची इच्छा पुष्कळांना झाली असेल, पण हिंमत पहिल्यांदा त्या बाळाने केली.

हूकसाहेबांनी पुस्तक मिटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे तुम्ही काय केलंत?" ते सासूबाईंना म्हणाले. "आता मी काहीच करू शकत नाही. उसना झगा अंगावर आला की आठवडाभर परीक्षा नाही."

"मग काढते."

"घातला तो घातला, आजी."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिले. सुनेने मला अंगावरून काढले, नीट घडी केली आणि ती बाकावर बसली. सासूबाईंना तोवर कळले होते. त्यांनी केळ्यांची पिशवी उगीचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

वहिनीचे मार्गदर्शक धावत आले. तेही चांगले गृहस्थ. आमच्याकडे चांगल्या गृहस्थांची कधीच टंचाई नव्हती. त्यांनी वस्त्रसमितीची तातडीची बैठक बोलावली आणि ती खरोखर तातडीने जमली. पण बैठकीला सभासदांनी पूर्ण पोशाखात बसायचे असते आणि अध्यक्षांची टोपी घरी राहिली होती. टोपी येईपर्यंत सगळे उभे राहिले. मला पुरावा म्हणून टेबलावर पसरले होते, त्यामुळे पुढचे सगळे मी स्वतः ऐकले आहे.

अध्यक्षांचा कल सवलत देण्याकडे होता. झगा तिने स्वतः घातलेला नाही, दुसऱ्याने घातला, म्हणून शिक्षा लागू होत नाही, असे त्यांचे मत पडले. मार्गदर्शकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात कायद्याचे प्राध्यापक खाकरले. त्यांना एक मूलभूत शंका होती. परीक्षेच्या दालनात विनाझगा कुणालाही प्रवेश नाही. आज दालनात दोन जीव शिरणार आहेत. पैकी एकाच्या अंगावर झगा सोडा, काहीच नाही.

मला वाटले, आता कुणीतरी हसेल. कुणी हसले नाही. एकाने वही काढली.

मग चर्चा रंगली. ते बाळ विद्यार्थी आहे की पाहुणा? विद्यार्थी असेल तर त्याचा प्रवेश झालेला नाही. पाहुणा असेल तर फाटकावर पास घ्यावा लागेल, आणि पासवर पाहुण्याची सही लागते. पास आईने घेतला तर चालेल, असे एकाने सुचवले. पण आई स्वतः शिक्षा झालेली आहे की नाही, हे आधी ठरायला हवे. ते तर ठरले होते ना? ठरले होते, पण नोंदवले नव्हते. शेवटी अध्यक्षांनी मार्गदर्शकांना विचारले, तुमचे काय म्हणणे आहे?

"विद्यार्थिनी गुणी आहे, एवढं नोंदवून घ्यावं," मार्गदर्शक म्हणाले.

"आणि?"

"आणि नियम जुना आहे."

प्रश्न महत्त्वाचा असल्यामुळे एक उपसमिती नेमण्यात आली. बाहेरच्या परीक्षकांनी दालनात एकट्याने चहा घेतला, बिस्किटे खाल्ली आणि घड्याळ पाहून गाडी मागवली. फाटकातून जाताना त्यांनी काच खाली केली आणि काकांना सांगितले, प्रबंध फारच सुरेख होता, मी सगळा वाचून आलो होतो. बाकावर बसलेली बाई कोण, हे त्यांना माहीत नव्हते. गाडी गेली.

मार्गदर्शक मला हातावर घेऊन खाली आले. काय झाले ते त्यांनी वहिनीला सांगितले. उपसमिती चांगली आहे, असेही सांगितले.

वहिनीने विचारले, "सर, आत मला पहिला प्रश्न कोणता येणार होता?"

"असं कसं सांगू?"

"आता सांगा ना. इथेच विचारा. मी उत्तर देते."

मार्गदर्शकांनी हूकसाहेबांकडे पाहिले. हूकसाहेबांनी जमिनीकडे पाहिले. आजूबाजूला बरीच मुले गोळा झाली होती, तीही आपापल्या हुकांशी चाळा करत उभी राहिली.

"मी विचारते," सासूबाई म्हणाल्या. "मला शास्त्रातलं काही कळत नाही. पण एवढी दोन वर्षं भिंतीला नाक लावून उभी राहिलीस, तर सांग. हा दरवाजा किती जुना?"

वहिनी उठली. तिने वर कमानीकडे बोट दाखवले आणि ती बोलू लागली. कोणत्या दगडावर कोणते पापुद्रे आहेत, खालचे मोठे का, वरचे लहान का, मधल्या रांगेत ते मुळीच का नाहीत, हे ती सांगत गेली. सासूबाई मध्येच "का गं?" आणि "कशावरून?" एवढेच विचारत होत्या. मला वाटते, नामांकित परीक्षकांनीही यापेक्षा वेगळे काही विचारले नसते. मुले वर बघत होती. काका फाटक सोडून मध्ये आले होते.

"म्हणजे किती जुना, ते सांग."

"सांगतात त्याच्या निम्मासुद्धा नाही, आई. दोनदा पाडून बांधलाय."

"खरंय," मार्गदर्शक हळूच म्हणाले. "पाचवं प्रकरण. फार छान झालंय ते."

सासूबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला, तिला एक केळे सोलून दिले आणि म्हणाल्या, "पास." मग दोघी निघून गेल्या. जाताना वहिनीने अंगातला स्वतःचा झगा काढून बाकावर ठेवला. तो तिथेच राहिला.

संध्याकाळी हूकसाहेब मला खुंटीवर अडकवत होते. दोनदा मी त्यांच्या हातून निसटून खाली पडलो.

"मी तिला सोडलं असतं," ते काकांना म्हणाले, "तर उद्या सगळेच..."

"सगळेच काय?" काका म्हणाले. "गरोदर राहिले असते?"

हूकसाहेबांनी नियमांचे पुस्तक कपाटात ठेवले. ते दिवा मालवून गेले.

महिनाअखेर त्या दुसऱ्या गावातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. तोंडी परीक्षेचा निकाल फलकावर लागला. वहिनीच्या नावापुढे शेरा होता, गैरहजर. दिवसभर फाटकावर बसून राहिलेली ती एकटीच होती, मित्रांनो. मी साक्षीला आहे. वहिनी पुन्हा आली नाही. मुलगा झाला की मुलगी, हेदेखील मला कळले नाही. एवढे ठाऊक आहे, की त्याचे पाय भक्कम आहेत.

उपसमितीने अहवाल दिला तेव्हा ते मूल शाळेत जाऊ लागले असेल. गरोदर विद्यार्थिनीला तिसरा हूक मोकळा सोडण्याची मुभा मिळाली. अर्ज मात्र निदान एक वर्ष आधी केलेला असावा, अशी अट आहे. अजून एकही अर्ज आलेला नाही, म्हणून त्या सवलतीची गरज नव्हती, असे आता म्हणतात. हूकसाहेब निवृत्त झाले. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, एवढ्या वर्षांत मी एकही अपवाद केला नाही. टाळ्या पडल्या. ते खाली बसले तेव्हा टाळ्या न वाजवणारे तेच एकटे होते.

आणि माझे दिवस पालटले. विद्यापीठाच्या संग्रहालयात मला काचेच्या कपाटात उभे केले आहे. आतून कापूस भरला आहे, म्हणून मी भारदस्त दिसतो. शेजारी पाटी आहे, की या झग्यामुळे विद्यापीठाने मातृत्वाचा सन्मान करणारा ऐतिहासिक नियम केला. शाळांच्या सहली येतात. मागे एका मुलीने पाटी वाचून विचारले, मग त्यांची परीक्षा झाली का? माहिती सांगणाऱ्या बाईंनी घड्याळ पाहिले आणि सगळ्यांना पुढच्या दालनात नेले. तिथे संस्थापकांची खोकल्याची बाटली ठेवली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याशी बोलतात तेव्हा शेवटी एक विनंती करतात. आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका, वगैरे. माझी विनंती जरा वेगळी आहे. मला इथे फार जपतात. दर महिन्याला डांबराच्या गोळ्या बदलतात, मऊ ब्रशने धूळ झाडतात, ऊन लागू देत नाहीत. त्या दिवशी बाकावर बसलेल्या बाईला कुणी पाणीसुद्धा विचारले नव्हते. ते तिच्या सासूने आणले होते.

माझ्या डाव्या बाहीच्या आत कापड खाणारी कसर लागली आहे. बारीक आहे, पण कामाची दिसते. अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही. तुम्ही सहलीला आलात आणि तुमच्या नजरेला पडली, तर एवढे करा. कुणाला सांगू नका.